बोनसचं गणित आणि अपिलाची पायरी

१४ ऑगस्ट १९५० रोजी मुंबईच्या कापडगिरण्या बंद पडल्या. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता, पण गिरणगावात वाद पेटला होता तो १९४९ सालच्या बोनसचा. दोन लाखांवर कामगार बाहेर पडले. संपाची हाक होती समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेची, आणि कायद्याच्या लेखी गिरणी कामगारांच्या वतीनं बोलण्याचा हक्क होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. त्यामुळे जिच्या शब्दावर गिरण्या थांबत होत्या ती युनियन कोर्टाला परकी, आणि कोर्टात जिचं नाव लागत होतं तिच्या सांगण्यावरून गिरण्या सुरू होत नव्हत्या. संप बेकायदा ठरला, ६३ दिवस चालला आणि पदरात काही न पडता ऑक्टोबरच्या मध्यावर मागं घ्यावा लागला.

बोनसच्या तंट्याला वळण मिळालं ते दुसरीकडेच. त्याच वर्षी जन्माला आलेल्या लेबर अपिलेट ट्रायब्युनल, म्हणजे अपील न्यायाधिकरण, नावाच्या न्यायपीठासमोर गिरणीमालक संघ विरुद्ध राष्ट्रीय मिल मजदूर संघ असं प्रकरण उभं राहिलं. त्यातून निघालेलं सूत्र पुढची पंधरा वर्षं देशभरच्या कारखान्यांचा बोनस ठरवत राहिलं. हे न्यायपीठ स्वतः मात्र तितकंही टिकलं नाही. सहा वर्षांत ते मोडीत काढण्याचा कायदा झाला.

या सूत्राचं मोल कळायला २६ वर्षं मागं जावं लागतं. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली तेव्हा मुंबईच्या मालकांनी पगारावर युद्धबोनस द्यायला सुरुवात केली. धंदा तेजीत होता, तोवर बोनस वर्षाच्या वर्षाला मिळत राहिला आणि कामगारांच्या घरखर्चात मुरला. १९२३ सालचा बोनस मालकांनी नाकारला. १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारनं मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि समितीनं निर्वाळा दिला की दरवर्षी बोनस मागण्याचा कामगारांना कोणताच हक्क सांगता येत नाही. ना रूढीनं, ना कायद्यानं, ना न्यायबुद्धीनं. थोडक्यात, बोनस ही मालकाची बक्षिसी. त्याची मर्जी असेल तर मिळेल.

त्यावर दाद मागायला वरची जागा नव्हती. मुळात खालचीही नव्हती. मुंबई प्रांतात औद्योगिक न्यायालय आलं ते १९३८ च्या कायद्यानं, आणि तेही कामगारांच्या शिव्याशाप घेत. संपावर बंधनं घालणाऱ्या त्या कायद्याला ‘काळा कायदा’ म्हणत डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडवला. एरवी एकमेकांवर तुटून पडणारी दोन माणसं, बाबासाहेब आणि कम्युनिस्टांचे डांगे, त्या दिवशी एका बाजूला होती. पुढं १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. एका धंद्यात एकच प्रातिनिधिक संघटना मान्य, हे तत्त्व त्यानं पक्कं केलं. १९४७ मध्ये अवघ्या देशासाठी औद्योगिक विवाद कायदा झाला. सरकारनं तंटा न्यायाधिकरणाकडे सोपवायचा, न्यायाधिकरणानं निवाडा द्यायचा, अशी रीत बसली.

अपिलाची सोय मात्र त्यात ठेवली नव्हती. कामगाराचा तंटा झटपट मिटावा, दिवाणी दाव्यासारखा पिढ्यान् पिढ्या लोंबकळू नये, हा त्यामागचा हिशेब. हेतू चांगलाच होता. पण मद्रासचं न्यायाधिकरण एक सांगे, कलकत्त्याचं दुसरं आणि मुंबईचं तिसरं. एकाच मालकाच्या दोन प्रांतांतल्या कारखान्यांना दोन न्याय लागू होऊ लागले.

मे १९५० मध्ये, एकाच महिन्यात, वरच्या मजल्यावर जाणाऱ्या दोन वाटा खुल्या झाल्या. पहिली संसदेनं बांधली: औद्योगिक विवाद (अपील न्यायाधिकरण) कायदा. पगार, बोनस, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, कामगारकपात अशा विषयांवर, शिवाय कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तिथं, खालच्या निवाड्यावर अपील करता येईल, असं त्यानं ठरवलं.

दुसरी वाट चार महिन्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं काढली. दिल्लीतल्या भारत बँकेनं संपानंतर काही नोकरांना काढून टाकलं होतं. न्यायाधिकरणानं नोकरांच्या बाजूनं निवाडा दिला, तेव्हा बँक नव्या राज्यघटनेचं १३६ वं कलम घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. औद्योगिक न्यायाधिकरण हे त्या कलमाच्या अर्थानं ‘न्यायाधिकरण’ आहे का, यावर पाच न्यायमूर्तींत तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. तिघांनी ‘आहे’ म्हटलं. गंमत अशी की बँकेचं अपील फेटाळलंच गेलं. पण हरलेल्या बँकेनं सगळ्या मालकांसाठी, आणि अर्थात सगळ्या युनियनांसाठीही, दिल्लीचं दार उघडून दिलं. तेव्हापासून ते दार कधी बंद झालेलं नाही.

अपिलाच्या कायद्यात एक कलम असं होतं की ज्याची किंमत युनियनवाल्यांना लगेच कळली. अपील दाखल करण्याच्या ३० दिवसांच्या मुदतीत आणि अपील चालू असेपर्यंत संप करायचा नाही, टाळेबंदीही करायची नाही. कागदावर हे दोघांना सारखं. पण टाळेबंदी हे मालकाचं एक हत्यार आहे, आणि संप हे कामगाराचं जवळजवळ एकमेव. निवाडा कामगारांच्या बाजूनं लागला, मालक अपिलात गेला, की अंमलबजावणीचं घोडं अडणार आणि संपाची भाषा केली तर ती बेकायदा. तारखा पडत राहिल्या तरी मालकाच्या घरी चूल पेटायची थांबत नव्हती.

आता ते सूत्र. अपील न्यायाधिकरणाच्या पूर्ण पीठानं १९५० मध्ये मॅक्लिऑड समितीचा दृष्टिकोन उलटा केला. उत्पन्न भांडवलातूनही येतं आणि श्रमातूनही. तेव्हा ठरावीक देणी भागवून काही शिल्लक उरलीच, तर तिच्यावर कामगाराचाही हक्क आहे. बोनस बक्षिसीच्या खात्यातून निघून हक्काच्या खात्यात आला. मात्र त्याआधी चार-पाच देणेकरी रांगेत उभे केले गेले: घसारा, आयकर, यंत्रांची पुनर्स्थापना म्हणजे जुनी यंत्रं काढून नवी बसवण्याची तरतूद, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के परतावा, आणि खेळतं भांडवल म्हणून वापरलेल्या गंगाजळीवर त्याहून कमी दरानं परतावा. या सगळ्यांचं भागल्यावर जी ‘उपलब्ध शिल्लक’ राहील, तीत कामगाराचा वाटा.

समजा, एका गिरणीचा वर्षाचा ढोबळ नफा ५० लाख रुपये आहे. घसारा १० लाख, कर १४ लाख, पुनर्स्थापना १२ लाख. भांडवल एक कोटी, म्हणून त्यावर ६ लाख. गंगाजळीवर २ लाख. उरले ६ लाख. कामगारांना बोनस मिळणार आहे. आता मालकाच्या तज्ज्ञानं साक्षीत सांगितलं की माग आणि चात्या पार झिजल्यात, नव्या यंत्रांच्या किमती दुपटीवर गेल्यात, पुनर्स्थापनेला १८ लाख तरी हवेत. शिल्लक शून्य. बोनस शून्य.

म्हणजे भांडण संपलं नाही, फक्त त्याची जागा बदलली. नफा किती झाला यापेक्षा यंत्र किती जुनं झालं यावर युनियनचे वकील आणि मालकांचे वकील झुंजू लागले. यंत्राची मूळ किंमत किती, आजची किती, अजून किती वर्षं चालेल? युनियनच्या पुढाऱ्याला ताळेबंद वाचता यावाच लागला. दादर-परळच्या सभेत गाजणारा वक्ता इथं उपयोगाचा नव्हता. नफा-तोट्याच्या पत्रकातली खोच शोधणारा कारकुनी डोक्याचा माणूस हवा होता. हा बदल कामगार चळवळीला मानवला का, हा वादाचा विषय आहे. इतकं खरं, की १९२४ मध्ये ज्या मागणीला पायाच नाही असं म्हटलं गेलं, तिच्यासाठी आता मालकांना वह्या उघडाव्या लागत होत्या.

सूत्राची धार दोन्ही बाजूंनी लागे. कानपूरच्या म्यूर मिलला १९४९ मध्ये धंद्यात तोटा झाला, तरी कंपनीनं गंगाजळीतून भागधारकांना लाभांश दिला. सुती मिल मजदूर युनियनचं म्हणणं सरळ होतं: भागधारकांना मिळतं, तर आम्हाला का नाही? अपील न्यायाधिकरणाला ते पटलं आणि त्यानं बोनस मंजूर केला. नोव्हेंबर १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. न्या. भगवती यांनी मांडलं ते असं की गंगाजळी भागधारकांची. त्या वर्षीच्या नफ्यातून शिल्लक नसेल तर बोनसही नाही, आणि ‘सामाजिक न्याय’ या मोघम शब्दावर तो देता येणार नाही. कायद्याच्या चौकटीत हे बिनतोड असेल, पण आपल्याच घामावर साठलेल्या गंगाजळीत आपला पैही नाही, हे कानपूरच्या कामगाराला पटवणं न्यायमूर्तींनाही जड गेलं असतं.

गिरण्यांचा तंटा निदान एका शहरातला होता. बँकांचा तंटा देशभर पसरलेला, आणि अपिलाच्या पायऱ्यांवर कामगाराचं काय काय होऊ शकतं याचा तो अख्खा नमुनाच आहे.

जून १९४९ मध्ये सरकारनं बँक कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी अखिल भारतीय न्यायाधिकरण नेमलं. अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. सी. सेन. वर्षभर साक्षीपुरावे झाले आणि १९५० च्या उन्हाळ्यानंतर निवाडा निघाला. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांनी हात घातला तो पगाराच्या आकड्यांना नव्हे, तर हजेरीपटाला. सेन यांचे एक सहकारी, न्या. एन. चंद्रशेखर अय्यर, नोव्हेंबर १९४९ ते फेब्रुवारी १९५० या काळात भारत-पाकिस्तान सीमातंट्याच्या कामावर गेले होते. उरलेल्या दोघांनी तोवर बैठका चालू ठेवल्या. अय्यर परतले, कामाला लागले. पण न्यायाधिकरणाची नव्यानं रचना झाल्याची अधिसूचना काही निघाली नाही. एवढ्या कारणावरून एप्रिल १९५१ मध्ये अख्खा निवाडा रद्दबातल ठरला. तोपर्यंत अय्यर स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले होते!

देशभरच्या कारकून आणि शिपायांची वाढ एका न निघालेल्या अधिसूचनेत अडकली. संसदेला घाईनं तात्पुरता कायदा करून मिळालेली वाढ गोठवून ठेवावी लागली. मग दुसरं न्यायाधिकरण, न्या. दिवेटिया यांचं, तेही पुरं झालं नाही. जानेवारी १९५२ मध्ये तिसरं, मद्रासचे माजी न्यायमूर्ती एस. पंचपगेश शास्त्री यांचं. मार्च १९५३ मध्ये शास्त्री निवाडा आला. दोन्ही पक्ष अपील न्यायाधिकरणात गेले, आणि २८ एप्रिल १९५४ रोजी तिथला निकाल लागला. कर्मचाऱ्यांच्या पदरात शास्त्रींपेक्षा थोडं अधिक पडलं. पाच वर्षं झाली होती. आता तरी संपलं, असं वाटावं अशी ती घटका.

पण १९५० च्या कायद्यात सरकारनं स्वतःसाठी एक खिडकी ठेवली होती. सार्वजनिक हितासाठी अपील न्यायाधिकरणाचा निर्णयही सरकार नाकारू किंवा बदलू शकत होतं. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. छोट्या गावांतल्या छोट्या बँका या पगारांचा भार पेलू शकणार नाहीत, ही अर्थखात्याची भूमिका. २४ ऑगस्ट १९५४ रोजी सरकारनं निर्णयाला कात्री लावली. लहान गावांसाठी ‘चौथा वर्ग’ नावाचा नवा विभाग करून तिथले पगार खाली आणले.

मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. गिरी मुळात या कोर्टबाजीच्याच विरुद्ध होते. मालक आणि कामगारांनी समोरासमोर बसून करार करावेत, सक्तीच्या निवाड्यानं युनियन दुबळी होते, असं ते मांडत आले होते. ज्या यंत्रणेवर त्यांचा विश्वास नव्हता, तिचाच निर्णय सरकारनं मानला नाही म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडलं. देशमुखांची बाजू हिशेबाची होती, आणि ती खोटी होती असं म्हणता येत नाही. पण न्याय मागायला स्वतःच बांधलेल्या पायऱ्या चढून वर आलेल्या माणसाला सरकारनं शेवटच्या पायरीवरून खाली पाठवलं, हेही तितकंच खरं.

बँक कर्मचाऱ्यांत असंतोष उसळला, तेव्हा सरकारनं आणखी एक आयोग नेमला. काम सोपवलं मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. राजाध्यक्षांवर. रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचा निवाडा त्यांचाच, आणि वृत्तपत्र आयोगाचं कामही त्यांनी नुकतंच हातावेगळं केलं होतं. हे काम पुरं होण्याआधीच त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी आले त्याच न्यायालयातले साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. जुलै १९५५ मध्ये त्यांनी अहवाल दिला. अपील न्यायाधिकरणाचा निर्णय काही फेरफार करून पुन्हा लागू करावा, हा त्याचा गाभा. या वेळी सरकारनं ऐकलं आणि त्यासाठी वेगळा कायदाच केला. सहा वर्षं, तीन न्यायाधिकरणं, एक सर्वोच्च न्यायालय, एक अपील, एक सरकारी कात्री, एका मंत्र्याचा राजीनामा आणि एक आयोग, इतकं झाल्यावर कारकुनाचा पगार ठरला. बँकांत आजही कारकून-शिपायांना ‘अवॉर्ड स्टाफ’ म्हणतात, ते या लढाईच्या आठवणीनं नव्हे तर सवयीनं.

अपील न्यायाधिकरणाबद्दल एव्हाना युनियनांचं मन विटलं होतं. काँग्रेसच्या छत्राखालची इंटक असो की कम्युनिस्टांची आयटक, दिरंगाईच्या तक्रारीवर त्यांचं एकमत होतं. १९५६ च्या दुरुस्ती कायद्यानं हे न्यायपीठ गुंडाळलं. त्याजागी कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायाधिकरण आणि राष्ट्रीय न्यायाधिकरण अशी नवी त्रिस्तरीय मांडणी १९५७ पासून आली. वाचताना एकावर एक मजले वाटतात, पण तसे ते नाहीत. प्रत्येकाचं काम वेगळं आणि एकावरून दुसऱ्याकडे अपील नाही.

अपील न्यायाधिकरण गेलं म्हणून अपिलं थांबली का? अजिबात नाही. मधली पायरी निघाली तशी माणसं थेट दिल्लीच्या जिन्यावर चढली. १९५७ मध्ये गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि पुढची नऊ वर्षं कामगार कायद्यावर त्यांच्या निकालांची छाप राहिली. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या द्वारका इथल्या कारखान्याच्या बोनसचा खटला मे १९५९ मध्ये त्यांच्यापुढे निकाली निघाला. मेलेल्या न्यायाधिकरणाचं सूत्र त्यांनी जिवंत ठेवलं आणि त्यातली सगळ्यांत निसरडी जागा, पुनर्स्थापना, नीट बांधून दिली. यंत्राची किंमत किती पटीनं वाढली हा गुणक, यंत्राचं किती आयुष्य उरलंय हा भाजक; दोन्हींचा पुरावा मालकानं द्यायचा. जुन्या यंत्राचं रडगाणं गाऊन भागणार नव्हतं.

तरीही वर्षागणिक, कारखान्यागणिक तेच गणित कोर्टात मांडायचं हे कुणालाच परवडेना. डिसेंबर १९६१ मध्ये एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग बसला. श्रीपाद अमृत डांगे त्याचे सदस्य होते. १९६५ मध्ये बोनस कायदा झाला. नफा असो वा तोटा, किमान ४ टक्के द्यायचेच, आणि कमाल २० टक्के. म्यूर मिलच्या कामगारांनी मागितलं होतं ते अकरा वर्षांनी का होईना, वेगळ्या रूपात कायद्यात आलं. मालक लागलीच दिल्लीला धावले. मुंबईच्या जालान ट्रेडिंग कंपनीच्या अपिलात समोर होती मिल मजदूर सभा. तीच, १९५० च्या संपाची. १९५० मध्ये तिला कोर्टात उभं राहायला जागा नव्हती, आता घटनापीठासमोर तिचं नाव प्रतिवादी म्हणून लागलं. ऑगस्ट १९६६ मध्ये न्यायालयानं कायद्यातली काही कलमं उडवली, पण किमान बोनस घटनेला धरून आहे असं ठरवलं. ४ टक्क्यांचे १९७२ मध्ये ८.३३ झाले, आणीबाणीत ते पुन्हा ४ वर आणले गेले आणि जनता सरकारनं ८.३३ परत दिले. महिन्याचा पगार बोनस म्हणून धरण्याची आपल्याकडची रीत या आकड्यातली. बारांनी शंभराला भागून पाहावं.

बँकवाल्यांनी कोर्टाचा नाद हळूहळू सोडला. न्या. के. टी. देसाई यांचा निवाडा १९६२ मध्ये झाला, त्यानंतर १९ ऑक्टोबर १९६६ रोजी बँका आणि युनियन यांच्यात पहिला द्विपक्षीय करार झाला. पगारवाढ तेव्हापासून करारानंच होते. गिरींचं म्हणणं बँकांच्या बाबतीत तरी खरं ठरलं, आणि तेव्हा ते म्हैसूरचे राज्यपाल होते.

बाकीच्यांना हा मार्ग मिळाला नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून अनुचित कामगार प्रथांचा कायदा लागू आहे. कामावरून काढलेला कामगार कामगार न्यायालयात तक्रार करतो. तिथं जिंकला तर मालक औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण मागतो. तिथंही जिंकला तर उच्च न्यायालयात रिट, मग दोन न्यायमूर्तींपुढे अपील, मग दिल्ली. प्रत्येक ठिकाणी पहिली मागणी एकच असते, स्टे. निवाडा कामगाराच्या खिशात आणि नोकरी मालकाच्या मुठीत, अशी वर्षं जातात. तालुक्याच्या गावात रिक्षा चालवत किंवा नाक्यावर भाजी विकत तारखा मोजणारे असे लोक प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात भेटतील.

या काळात तो खातो काय, हा प्रश्न केंद्रीय कायद्याला पडायला १९८४ साल उजाडावं लागलं. औद्योगिक विवाद कायद्यात १७-ब हे कलम त्या ऑगस्टमध्ये लागू झालं. कामगाराला परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर प्रकरण चालू असेपर्यंत त्यानं कामगाराला शेवटचा मिळत होता तितका पगार द्यायचा. अट एवढीच की कामगारानं आपल्याला दुसरीकडे नोकरी नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं. अपिलाचा खर्च वेळेत मोजला जातो, आणि तो वेळ कुणाच्या पोटातून जातो, हे कायद्यानं पहिल्यांदा मान्य केलं ते या कलमात.

गजेंद्रगडकरांनी निवृत्तीनंतर राष्ट्रीय श्रम आयोगाचं अध्यक्षपद भूषवलं. १९६९ च्या अहवालात आयोगानं सुचवलं की तंटे सोडवायला सरकारच्या मर्जीबाहेरचे, कायमस्वरूपी औद्योगिक संबंध आयोग असावेत. ती शिफारस अमलात आली नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं जुना १९४७ चा कायदा आपल्यात सामावून घेतला आणि न्यायाधिकरणांची रचना बदलली, पण १९५६ मध्ये काढून टाकलेली अपिलाची पायरी तिनंही परत बसवली नाही. न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर नाराज असलेल्या पक्षाला, मालक असो की युनियन, आजही उच्च न्यायालयात रिटच करावं लागतं.